सिक रिपोर्ट

"गुडघा माझ्या बाळीचा, लोण्याचा गं गोळा,
चालंल तवा वारा येडा हुईल रानोमाळा…"

हौसाबाईंचा तो आवाज संपदाच्या कानात अजून ओला होता. दिल्ली कँटच्या क्वार्टरमधली हाडं फोडणारी थंडी, न्हाणीच्या दाराशी धगधगणारी शेगडी, पाटावर पाय लांब सोडून बसलेली सासू आणि तिच्या नडग्यांवर उताणी निजवलेली, सांडशीएवढी शिवांजली. तेलाचा हात गुडघ्याच्या वाटीवर आला की हौसाबाई हटकून दुसरी ओवी घ्यायच्या:

"आजा गं सुभेदार, बाप झुंजार शिपाई,
नातीला माझ्या बाई थांबायचं ठावं न्हाई."

पोर हसायची. पाय झाडायची. पाणी उडायचं आणि शेगडी चरचरायची.

त्याच गुडघ्याभोवती आता काळा पट्टा होता. पट्ट्याखालचं पाऊल पुढून लोंबत होतं, वेलीवर सुकलेल्या दोडक्यासारखं. डॉक्टर त्याला फूट ड्रॉप म्हणत. संपदा त्याला काहीच म्हणत नसे.

रविवारची दुपार होती. द्वारकेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत जानेवारीचं ऊन पातळ ताकासारखं सांडलं होतं. जुन्या वर्तमानपत्रांवर मटारच्या शेंगांचा ढीग. या दिवसांत दिल्लीत घरोघरी हेच चालतं. मटार स्वस्त झाला की पिशव्या भरून आणायचा, सोलायचा आणि फ्रीजरमध्ये कोंबायचा. सगळं घर गोल करून बसलं होतं. सगळ्यांचे हात चालत होते, आणि मध्ये ठेवलेल्या कागदाकडे कुणीच बघत नव्हतं. कागद उडू नये म्हणून संपदाच्या नवऱ्यानं, उदयसिंहनं, त्यावर डब्याचं झाकण ठेवलं होतं.

शिवांजलीच्या फुटबॉल क्लबचे मॅनेजर विनय सर कागद स्वतः आणून देऊन गेले होते, सोबत मिठाईचा डबा. आज संध्याकाळी सही झालेला कागद न्यायला यायचे होते. डबा हौसाबाईंनी उघडलासुद्धा नाही. खालच्या गार्डला देऊन टाकला. "मयताच्या घरी प्येढं आनत्यात व्हय कुनी?" एवढंच म्हणाल्या.

"ताई, जरा चहा टाक ना," म्हणत श्रीरंग आत आला तो पेरूंची पिशवी घेऊनच. संपदाचा धाकटा भाऊ. केंद्राच्या मंत्रालयात फायली हलवण्यात त्याची उमर गेली होती, तरी अन्याय दिसला की अजून कॉलेजातल्यासारखा तापायचा. खाली बसल्याबसल्या त्यानं झाकण बाजूला केलं आणि इंग्रजी कागद हौसाबाईंना कळावा म्हणून मराठी करत मोठ्यानं वाचला.

"'मी, शिवांजली उदयसिंह पिसाळ, लिहून देते की माझा गुडघा आधीपासून निसटत होता ही गोष्ट मी क्लबपासून लपवून ठेवली. सेमीफायनलला मी स्वतःच्या जबाबदारीवर उतरले. झालेल्या दुखापतीत क्लबचा, कोचचा, डॉक्टरांचा कसलाही दोष नाही.' वा रे वा! आणि त्या बदल्यात पुढच्या ऑपरेशनचा खर्च आणि लहान पोरांना बॉल शिकवायची नोकरी. माणुसकीच्या नात्यानं म्हणे!"

"माणुसकीच आहे," उदयसिंह शेंग मोडत म्हणाला. "नाही दिला खर्च तर काय करणार आपण?"

"कोर्टात जाणार, दाजी. खेळाडूच्या जिवाची काळजी घेणं ही क्लबची जबाबदारी असते. तुटका गुडघा मैदानात उतरवला तर त्यांना जाब द्यावा लागतो."

"सरकारी बाबूंना फाईल दिसली की हात शिवशिवतात."

"आणि फौजींना ऑर्डर दिसली की मान वाकते."

"चलो, झालं सुरू," शिवांजली म्हणाली. तिनं एक दाणा टिचकीनं उडवला, तो बरोबर श्रीरंगच्या चष्म्यावर बसला. "मामा, यलो कार्ड. पप्पा, तुम्हाला पण."

सगळे हसले, आणि सगळ्यांचंच हसू लगेच मावळलं. पोरीची नेमबाजी अजून तशीच होती. देवानं नेमकं घ्यायचं तेवढंच घेतलं होतं.

"मी लपवलं नव्हतं, मामा," ती मग हलकेच म्हणाली. "फिजिओ दीदीला सांगितलेलं मी. प्रॅक्टिसनंतर. बोलले, वळताना गुडघा सुटतोय, भरोसा नाही वाटत. ती म्हणाली, मैं ऊपर बात करती हूँ. बहुतेक विसरली यार."

"ती आता काय म्हणते?"

"नोकरी सोडून गेली. फोन नाही उचलत."

श्रीरंगनं चष्मा पुसला. "मी वकिलांना विचारून आलोय. क्लबचं म्हणणं एवढंच आहे की मुलीनं सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर आम्ही खेळवलंच नसतं. विमावालेही त्यावरच अडून बसलेत. म्हणजे आपल्याला एकच माणूस हवा. सामन्याआधी क्लबच्या वरच्या लोकांना हे ठाऊक होतं, असं शपथेवर सांगणारा. तो मिळाला तर हा कागद रद्दी आहे. नाही मिळाला, तर…"

त्यानं मटारची शेंग उचलली. संपदाच्या बोटांखाली एक शेंग उभी चिरली गेली. आतले दाणे किडके होते. तिनं ते मुठीत लपवले.

* * *

पिसाळांच्या घरात दुखणं सांगायची रीत नव्हती. पलटणीत सकाळी ज्याला बरं नसेल त्यानं वेगळ्या रांगेत उभं राहायचं असतं, डॉक्टरकडे जायला. त्याला सिक रिपोर्ट म्हणतात. भिंतीवरच्या फोटोतले सासरे, खंडेराव सुभेदार, त्या रांगेत कधी उभे राहिले नाहीत. बर्फात पायाचं बोट काळं पडलं तरी नाही. उदयसिंहही नाही. कॅम्पच्या तोंडावर त्या रांगेत जाणाऱ्याकडे बाकीचे जवान कसे बघतात, ते त्यानं पाहिलं होतं. बापाकडून आलेलं वाक्य त्यानं लेकीला दिलं, जसं दुसऱ्या घरात सोन्याची मोहनमाळ देतात: दुखणं पायात असतं, ते तोंडात आणायचं नाही.

पहिल्यांदा गुडघ्याची दोरी, म्हणजे लिगामेंट, तुटली होती तेव्हा याच वाक्यानं तिला उभं केलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा खेळेल का सांगता येत नाही. उदयसिंह तेव्हा मानेसरच्या एका गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर होता. रात्रपाळी करून यायचा आणि झोपण्याआधी पोरीला मैदानावर न्यायचा. वाळूच्या पिशव्या, टॉवेल, दोरी. पोर रडायची, बाप मागे तोंड करून उभा राहायचा. रडणं संपलं की पुन्हा "चल". असं करत करत ती परतली. पहिल्याच सामन्यात गोल मारला आणि गोल मारून प्रेक्षकांत बापाला शोधत पळाली. हिंदी पेपरात फोटो आला, "शेरनी लौटी". संपदानं त्या दिवशी पुरण घातलं होतं.

म्हणूनच दुसऱ्यांदा गुडघा कुरकुरला तेव्हा कुणाला वाटलं नाही की हा शेवट आहे.

सेमीफायनलला मैदानावर गुडघा सांध्यातूनच निखळला. शीर ताणली गेली आणि पाऊल मेलं.

आणि संपदाला ती संध्याकाळ ठाऊक होती. सामन्याच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. ती ओट्याशी पोळ्या लाटत होती, उदयसिंह दाराशी रात्रपाळीचे बूट पॉलिश करत बसला होता. हात काळे, म्हणून फोन स्पीकरवर. विनय सरांचा आवाज तिला वाफेतूनही स्वच्छ ऐकू आला होता: "फौजी साब, बिटिया कह रही है घुटना छूट रहा है. फिजिओ भी आराम बोल रही है. पर कल बाहर से लोग देखने आ रहे हैं. आपकी बात मानती है…"

उदयसिंहनं काय उत्तर दिलं तेही तिनं ऐकलं होतं. मग त्यानं हात पुसून संघासोबत असलेल्या लेकीला फोन लावला. क्लबचा फोन आल्याचं अवाक्षर न काढता तेच जुनं वाक्य तिला सांगितलं. पोर म्हणाली, "ओके पप्पा."

पोळी करपली. संपदानं ती तव्यावरून काढून कावळ्याला टाकली. तेव्हापासून ती गप्प होती.

का गप्प होती? कारण रोज सकाळी तो माणूस लेकीच्या पायाशी बसून तिच्या मेलेल्या पावलाला पट्टा बांधायचा. पावलाला म्हणायचा, "सावधान," आणि लेक हसायची. त्या हसण्यावर घर उभं होतं. बाकी सगळे खांब गेले होते, तो एक टेकू होता. तो कुणी काढायचा?

* * *

चहा टाकायला ती आत गेली तशा हौसाबाई मागोमाग आल्या. भिंत धरत, पण नजर चाकूसारखी.

"तुज्या तोंडात गुळणी हाय," त्या कुजबुजल्या.

"कसली गुळणी, आत्याबाई?"

"मला शिकवू नगं. पलटणीत नवरा असलेली बाय मी. घरात काय शिजतंय ते वासावरनं कळतं मला. श्रीरंगानं 'एक माणूस हवा' म्हटलं तवा तुज्या हातातली शेंग फाटली." त्यांनी दाराकडे बघितलं. "उदयानं काय क्येलंय?"

संपदानं साखरेचा डबा उघडला आणि तसाच बंद केला. हौसाबाईंनी ओट्याची कड घट्ट धरली.

"सांगू नगं मला," त्या म्हणाल्या. "मी इचारलंच न्हाई समज. तू बोललीस तर माजा ल्योक तुटंल. न्हाई बोललीस तर माजी नात. दोनी बी माजंच. ह्या पायावं न्हाऊ घातलंय गं दोघांस्नी." आणि पदरानं डोळे न पुसताच त्या परत बाल्कनीत जाऊन बसल्या, शेंगा घेऊन.

चहाचे कप घेऊन संपदा बाहेर आली तेव्हा श्रीरंग उदयसिंहकडे वळून बसला होता.

"दाजी, राग मानू नका. तुमचं आणि विनयचं बोलणं व्हायचं ना? फौजी साब, फौजी साब करत यायचा तो. सामन्याच्या आसपास कधी काही म्हणाला होता का गुडघ्याबद्दल? आठवून बघा."

उदयसिंहच्या हातातली शेंग तशीच राहिली. खाली सोसायटीच्या फाटकावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, आणि वरून विमानतळाकडे उतरणारं विमान इतकं खाली आलं की खिडकीच्या काचा बारीक थरथरल्या. विमान गेलं.

"नाही," उदयसिंह म्हणाला.

संसाराच्या एवढ्या वर्षांत संपदानं या माणसाचा राग खाल्ला होता, हट्ट खाल्ला होता, रिटायर झाल्यावरचा मुका पावसाळा सोसला होता. खोटं कधी ऐकलं नव्हतं. आज पहिल्यांदा ऐकलं. किती लहानसा शब्द होता तो. चिमटीत मावेल एवढा.

"पण दाजी, फोनचं रेकॉर्ड काढलं तर…"

"मामा, बस!" शिवांजलीचा आवाज चढला. "पप्पांना का ओढतोस मध्ये? तू रविवारी येतोस, पेरू आणतोस, केस केस करतोस. सोमवारी तू ऑफिसला. माझ्याजवळ कोण असतं? रात्री पाय जळतो तेव्हा कोण उठतं?"

"शिवू, मी तुझ्यासाठीच…"

"माझ्यासाठी? अच्छा. मग मला सांग, केस जिंकले तर पाय परत येतो का?" ती हसली, ते हसू बघवत नव्हतं. "डॉक्टरांनी मला एकटीला बसवून सांगितलंय. पुढचं ऑपरेशन चालण्यासाठी आहे, धावण्यासाठी नाही. पाऊल फरफटणार नाही, बस एवढंच. तुम्ही सगळे कमबॅक कमबॅक करत होता म्हणून मी बोलले नाही. कसलं कमबॅक यार? मी काही परत येणार नाहीये."

हौसाबाईंच्या तोंडून "आई गं" निघालं. उदयसिंहचे हात गुडघ्यांवर पडले होते, पॉलिश न लागलेले, रिकामे.

"तुला माहीत होतं?" तो म्हणाला.

"हो."

"आणि रोज सकाळी तरी तू…"

"तुम्ही एवढ्या प्रेमानं पट्टा बांधायचे, पप्पा. मग काय सांगणार? आपल्याकडे सिक रिपोर्ट करत नाहीत ना." ती हे बोचावं म्हणून म्हणाली नाही. तिला ते खरंच वाटत होतं. म्हणूनच संपदाच्या काळजात सुरी फिरावी तसं झालं. पोर अजूनही त्या रांगेत उभी राहायला लाजत होती. पाय गेला, तरी लाजत होती.

"दे पेन," शिवांजली म्हणाली. "मी लपवलं, असं लिहायचंय ना? लिहिते. कदाचित खरंच लपवलं असेल मी. दीदीला एकदाच बोलले, तेही हळूच. कोचला नाही बोलले. जोरात बोलायला हवं होतं. माझीच चूक असणार. सगळ्यांना एवढा भरोसा होता आणि मीच…"

"असं नको म्हणू, बेटा," उदयसिंहचा आवाज फुटला.

"मग काय म्हणू? तुम्ही सांगा. तुमचं काय म्हणणं आहे, सही करू?"

त्यानं लेकीकडे पाहिलं नाही. बाल्कनीच्या कठड्यापलीकडे धुरकट आभाळ होतं, तिकडे बघत होता. संपदा मनातल्या मनात त्याला हाका मारत होती, लग्नानंतर कधी मारल्या नसतील तशा, नाव घेऊन. बोला. तुम्हीच बोला. तुम्ही बोललात तर ती तुम्हाला माफ करेल, मी बोलले तर नाही करणार. उदय, अरे, बोल ना.

"कर," तो म्हणाला. "संपू दे एकदाचं."

श्रीरंग उठून आत निघून गेला. हौसाबाई शेंगांवर शेंगा मोडत राहिल्या. दाणे साल्यांत पडत होते, सालं दाण्यांत. शिवांजलीनं कागद मांडीवर ओढला, पट्टा बांधलेल्या गुडघ्यावर ठेवला. तेवढी सपाट जागा दुसरी नव्हती. पेनाचं टोपण दातांनी काढलं, लहानपणी काढायची तसं.

तिनं पहिलं अक्षर काढलं.

संपदाला वाटलं होतं, बोलायचं झालंच तर आपण रडू, ओरडू, छातीवर हात मारून घेऊ. तसलं काही झालं नाही. तिनं चहाचा ट्रे खाली ठेवला. लेकीसमोर फरशीवर बसली, आणि ते लोंबतं पाऊल दोन्ही हातांत घेतलं. गार होतं.

"शिवू, थांब."

"आई, प्लीज. तू नको आता."

"थांब म्हणते ना. विनय सरांना माहीत होतं. मॅचच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा फोन आला होता. इथंच, ह्या घरात. फिजिओनं त्यांना सगळं सांगितलं होतं. तुझी दीदी विसरली नव्हती."

पेन थांबलं. "तुला कसं माहीत?"

"संपदा," उदयसिंह म्हणाला. धमकी नव्हती त्यात. बुडणारा माणूस काठावरच्याला जसं नावानं हाक मारतो, तसं होतं.

तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर शब्द परत गिळले गेले असते.

"मी पोळ्या लाटत होते. फोन स्पीकरवर होता. ते म्हणाले, मुलीचा गुडघा निसटतोय, आराम द्यायला सांगतायत, पण तुमचं ऐकते ती. तेव्हा तुझे पप्पा म्हणाले, 'खेलेगी, साब. हमारे घर में कोई बीमार नहीं पड़ता.'" तिचा हात पावलावरून फिरत होता, पावलाला ते कळत नव्हतं. "तू काही लपवलं नाहीस, बाळा. तू सांगितलं होतंस. क्लबला ठाऊक होतं. आणि आम्हालाही."